तुम्ही कुठले बे?

"उशीर केलात! हे धरा, आणि त्या कोपऱ्यातल्या झाडापासून सुरू करा."

शिडीवर उभ्या असलेल्या त्या माणसाने एक लांब काडी माझ्या हातात दिली आणि दोरी बांधलेली एक छोटी बाटली पुढे केली. मी मुकाट्याने दोन्ही घेतलं. का घेतलं, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. सकाळच्या गाडीने सोलहून आलेली मी... पायात ऑफिसचे बूट, खांद्यावर कोऱ्या कार्डांनी भरलेली पिशवी. योंगसानपोच्या जुन्या धक्क्याकडे जायला बागेतली वाट जवळची, असं बसथांब्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून आत शिरले होते, इतकंच. पण बाग नुसती पांढरी झाली होती, ऊन कोवळं होतं, आणि तो माणूस घाईत होता. घाईतल्या माणसाला 'नाही' म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

काडीच्या टोकाला पिसांचा झुपका होता, बाटलीत लालसर भुकटी. शेजारच्या झाडाखालच्या काकूंनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला.

"अगं, टेकव म्हणजे टेकव! खुपसतेस काय? एका गुच्छात दोनच फुलं. बाकीची राहू देत."

"सगळ्यांना लावलं तर?"

"तर बोराएवढ्या नाशपात्या होतील, आणि त्या सगळ्या तूच खा."

"आणि हे हाताने कशाला? मधमाश्या काय करतात?"

"हे झाड नखरेल आहे बाई. स्वतःच्या जातीचा पराग धरतच नाही. दुसऱ्या जातीचा आणून लावावा लागतो, आणि तोही या तीन-चार दिवसांत."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझी मान मोडून आली होती. बायका चटयांवर बसल्या, भाताची पातेली उघडली, आणि शिडीवाल्याने माणसं मोजली. एक जास्त भरलं.

"तुम्ही... कुठून आलात?"

"सोलहून."

"सोलहून? परागाच्या कामाला?"

"शब्दकोशाच्या कामाला. मी धक्क्याकडे चालले होते. तुम्ही मध्येच काडी दिलीत."

काकूंना हसता हसता ठसका लागला. त्याचे कान लाल झाले. पुढे ते कान मी पुष्कळदा लाल होताना पाहिले, पण सांगूनच टाकते... त्या पहिल्या दिवशीच मला ते फार आवडले.

"मी जेगुन," तो म्हणाला. "बे जेगुन."

"अरेच्चा! मीही बेच. बे इन्सन."

एका आडनावाची दोन माणसं भेटली की आमच्याकडे पुढचा प्रश्न तयार असतो. कुठले बे? म्हणजे तुमचा मूळपुरुष कुठल्या गावचा? आडनाव एक आणि गावही एक, तर गोत्र एक. एकगोत्री लग्न तेव्हा घरात चालत नव्हतं आणि सरकारी कचेरीतही त्याची नोंद होत नव्हती. त्यामुळे तरुण मुलामुलींमध्ये हा प्रश्न साधा नसतो. विचारतानाच मनातलं थोडं बाहेर येतं.

"तुम्ही कुठल्या?" त्याने आधी मलाच विचारून घेतलं.

"तेवोलच्या. तुम्ही?"

तो बोटाने काडीचा झुपका साफ करत राहिला. "आम्ही... उन्पोचे."

मला एकदम हलकं वाटलं, आणि इतक्या लवकर वाटलं याची लाजही वाटली.

शब्दकोशात माझ्या वाट्याला त्या वर्षी 'बे' आला होता. बे म्हणजे नाशपाती. बे म्हणजे होडी. बे म्हणजे पोट. झालंच तर दुप्पट-तिप्पटमधली पट, आणि आमचं आडनाव. शेवटचे दोन चिनी अक्षरांतून आलेले, त्यांचा माग कागदावर लागतो. पहिले तीन मात्र आमच्याच मातीतले. पाचशे वर्षांपूर्वीच्या पोथ्यांतही ते तिन्ही एकसारखेच लिहिलेले आहेत, आणि त्याआधी काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून संपादकांनी मला इकडे, नाजूला धाडलं होतं. इथे घरोघरी नाशपाती, आणि एके काळी समुद्रातल्या होड्या नदीतून थेट इथवर येत. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून हे शब्द कसे येतात, ते कार्डांवर उतरवून न्यायचं होतं.

"एवढ्यासाठी सोलहून?" जेगुन म्हणाला. "मी सांगतो ना. होडीचा आकार पोटासारखा, नाशपातीचाही पोटासारखा. म्हणजे आधी पोट, मग बाकी सगळं. झालं तुमचं काम, जेवा आता."

"हे कार्ड नेलं तर आमचे संपादक महिनाभर जेवणार नाहीत."

"का? डोळ्यांना दिसतंय की!"

"सारखं दिसलं म्हणजे नातं होत नाही. सारखं ऐकू आलं म्हणून तर मुळीच नाही. नात्याला पुरावा लागतो."

त्याने भाताचं पातेलं बाजूला सारलं. मला वाटलं, मी फार शिष्टपणा केला.

"माझे आजोबा चाळीस वर्षं या नदीवर होडी चालवत होते," तो म्हणाला. "नदीच्या मुखाशी बांध झाला आणि होड्या संपल्या."

"मग मला त्यांनाच भेटायचंय!"

"त्यांना... ऐकू येत नाही."

"अजिबात?"

"अजिबातच. आणि अनोळखी माणसं दिसली की ओरडतात. तुम्ही प्रश्न लिहून द्या, उत्तरं मी आणतो."

मी तीन दिवस राहिले. सकाळी झाडांना पराग लावायचा, दुपारी त्याच्या हाती कार्डं द्यायची. दुसऱ्या दिवशी ती भरून यायची. होडीच्या कार्डावर लिहिलं होतं : 'बे चिखलात रुतली की सगळ्यांनी उतरून ढकलायची. एकदा नव्या नवरीलाही उतरवलं होतं. ती माझीच होती.' पोटाच्या कार्डावर : 'दुष्काळाच्या वर्षी बे दुखायचं नाही. आपल्याला बे आहे हेच विसरायला व्हायचं.' आणि नाशपातीच्या कार्डावर एवढंच, की 'आजारपणात बायकोने एकदाच बे मागितली होती. तेव्हा हंगाम नव्हता.' ते वाचून मी बसथांब्यावर लोकांदेखत रडले.

पुढची कार्डं टपालाने येऊ लागली. मे महिन्यात एका कार्डाच्या तळाशी पेन्सिलीने जादा ओळ होती. 'बे, म्हणजे पट. उदाहरण : पाऊस पडला की कोशवाल्या बाईंची आठवण तीन बे येते. बोलणारा : बे जेगुन, वय एकोणतीस.'

मी लाल शाईने शेरा मारून कार्ड परत पाठवलं : 'उदाहरण कृत्रिम वाटते. पुरावा जोडावा.'

जूनमध्ये फळांना कागदी पिशव्या बांधायच्या असतात. मी रजा काढून गेले. घरी सांगितलं, कोशाचं काम आहे. दुपारी भुरभुर सुरू झाली तशा सगळ्या बायका पत्र्याच्या शेडखाली आल्या, आणि जेगुनने पिशव्यांच्या खोक्यातून सहा पाकिटं काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"पुरावा. गेल्या महिन्यात सात वेळा पाऊस पडला. सातही वेळा पत्र लिहिलं. पाठवायचं धाडस एकदाच झालं, तेही कार्डाच्या तळाशी."

"हे कोशात घेता येणार नाही."

"मग कुठे घ्याल?"

मी पाकिटं पिशवीत घातली. पिशव्या बांधून माझ्या बोटांना तारेचे चरे पडले होते. त्याने माझा हात हातात घेतला, एकेक बोट पाहिलं... आणि सोडलाच नाही. काकूंनी शहाण्यासारखं पाठ फिरवली.

"इन्सन," तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं इन्सन. "तुला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं—"

"पाऊस थांबला!" काकू ओरडल्या. "चला, उठा!"

तो उठला. जे सांगायचं होतं ते राहून गेलं, आणि मी आपली वेड्यासारखी समजत राहिले की मला ते कळलंय.

सप्टेंबरात, तोडणीच्या दिवसांत, मी न कळवताच गेले. त्याला चकित करायचं होतं. त्याच्या घरच्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ पाठमोरे बसून नाशपात्या निवडत होते. मी वीस पावलांवर असेन, तर मागे न पाहताच ते म्हणाले, "कोण आहे? चाल इथली नाही."

त्यांना ऐकू येत नाही ना! मी जवळ जाऊन जिवाच्या आकांताने ओरडले, "आजोबा! मी शब्दकोशातली!"

"ओरडता कशाला? बहिरा नाही मी." त्यांनी वळून मला न्याहाळलं आणि हसले. "ती कार्डंवाली मुलगी होय! तिला बोलता येत नाही, असं आमचा जेगुन सांगत होता. नाव काय तुझं?"

"बे... बे इन्सन."

त्यांचा चेहरा उजळला. "बे? कुठले बे?"

"तेवोलचे."

"मग आपलीच की! आम्हीही तेवोलचे!"

"नाही, तुम्ही तर उन्पोचे..."

"उन्पो? कोण म्हणतं? तेवोलच्या बेंची वंशावळ लिहिणारा माणूस मी आहे. वडिलांचं नाव सांग बघू."

मी सांगितलं. वंशातल्या एका पिढीच्या सगळ्या मुलग्यांच्या नावात एक अक्षर सामाईक असतं. त्या अक्षरावरून पिढी ओळखायची. म्हाताऱ्याने बोटांची पेरं मोजली. एकदा मोजली, पुन्हा मोजली. मग उठून उभे राहिले, पँट झटकली, सदऱ्याची बटणं लावली आणि दोन्ही हात पोटाशी धरून कमरेत वाकले.

"आपण माझ्या वडिलांच्या पिढीतल्या," ते म्हणाले. "मी आपला पुतण्या लागतो. आत्याबाई, आत चलावं."

ते शहात्तर वर्षांचे होते. मी सव्वीसची. मला हसू आलं असतं... पण मीही मनातल्या मनात पिढ्या मोजत होते.

त्यांनी मला खोलीतल्या उबेच्या, मानाच्या जागेवर बसवलं. स्वतः खाली दाराशी बसले. तेवढ्यात जेगुन फळांची पाटी घेऊन आला आणि उंबऱ्यातच थांबला. मी कुठे बसले आहे ते त्याने पाहिलं. आजोबा कुठे बसले आहेत तेही पाहिलं.

"असा काय उभा?" आजोबा म्हणाले. "या माझ्या आत्याबाई. तुझ्या पणजोबांच्या पिढीच्या. नमस्कार कर."

जेगुनने पाटी ठेवली. गुडघे टेकले, हात जमिनीला लावले, हातांवर कपाळ टेकलं. ज्या माणसाची सहा पत्रं मी उशाखाली ठेवत होते तो माझ्या पायाशी वाकला होता, आणि मानाच्या जागेवर बसल्यामुळे मला हलतासुद्धा येत नव्हतं. नमस्काराला लागतो तेवढा वेळ झाला. त्याहून जास्त झाला. तो उठेना.

"जेगुन?" आजोबा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस, त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. "तूच सांगितलंस ना रे, उन्पो म्हणून?"

"हो."

"बाप बदललास? एका मुलीसाठी तीस पिढ्यांचा बाप बदललास?"

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

बसथांब्यापर्यंत तो माझ्यामागून चालत आला.

"तू तेवोल म्हणालीस आणि माझ्या तोंडून उन्पो निघून गेलं," तो म्हणाला. "वाटलं, एक दुपार बोलायला मिळेल. मग दुसरी मिळाली. मग खरं सांगितलं तर पुढची मिळणार नाही, याची भीती वाटायला लागली."

"मी पुराव्याच्या गोष्टी करत होते, आणि तू ऐकून घेत होतास!"

"ऐकून घेत होतो. रोज मरत होतो."

"मला बहिरा आजोबा दिलास. त्यांना मुकी मुलगी दिलीस."

"हो."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," मी म्हणाले, "आणि मला तुझं तोंड पाहायचं नाही." दोन्ही खरं होतं. बस आली, मी चढले.

हिवाळाभर मी त्याच्या पत्रांना उत्तर दिलं नाही. माझी नोंद पूर्ण झाली. नाशपाती, होडी, पोट, तिघांपुढे तेच लिहिलं : मूळ अज्ञात, परस्परसंबंध सिद्ध नाही. लिहून झाल्यावर त्या ओळीकडे बघत बसले. तीन शब्दांना मी पुराव्यावाचून नातेवाईक म्हणायला तयार नव्हते, आणि स्वतःच्या बाबतीत बोटांची पेरं मोजलेली पुरेशी धरली होती.

त्याच सुमारास सरकारने कायदा केला : एकगोत्री जोडप्यांना फक्त एका वर्षाच्या मुदतीत लग्नाची नोंद करून घेता येईल. दहा वर्षांपूर्वीही असंच एक वर्ष दार उघडलं होतं आणि बंद झालं होतं. ती बातमी पुढे ठेवून मी घरी सगळं सांगितलं. वडिलांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. "कायदा काहीही म्हणो," ते म्हणाले. "तिकडच्या वडीलधाऱ्याने आपण होऊन हो म्हटल्याशिवाय माझ्याकडे हा विषय काढायचा नाही." मी जेगुनवरचा राग गिळला आणि त्याला दोन ओळी लिहिल्या. त्याने काही मला झिडकारलेलं नव्हतं, खोटं बोलला होता. आणि खोटं बोलणाऱ्या माणसाला माझी चार महिन्यांची शिक्षा देऊन झाली होती.

फेब्रुवारीत, छाटणीच्या दिवसांत, भर दुपारी मी पुन्हा त्या खोलीत होते. आजोबांनी पुन्हा मला मानाच्या जागेवर बसवलं आणि स्वतः खाली बसले. जेगुन दाराला टेकून उभा होता, वाळला होता.

"आत्याबाई, आपण बागेत काम केलंय," आजोबा म्हणाले. "नाशपातीसुद्धा स्वतःच्या जातीचा पराग धरत नाही. झाडाला कळतं ते या गाढवाला कळत नाही?"

मी विचारलं, "आजोबा, ही झाडं कुणी लावली?"

"मीच. कलमं केली."

"कशाची?"

"एका झाडाच्या फांद्या आणल्या होत्या."

"म्हणजे ही सगळी मिळून एकच झाड आहे. नुसत्या नावाने नाही, खरोखरचं एक. म्हणून पराग धरत नाहीत. आम्ही तसे आहोत का? कित्येक शतकांपूर्वीचा एक पुरुष सोडला, तर मधल्या प्रत्येक पिढीत एक बाई बाहेरून आली. दुसऱ्या कुळातली, दुसऱ्या रक्ताची. त्यांचं आमच्यात काहीच नाही आलं?"

ते चटईची कड बोटांनी सारखी करू लागले.

"आणि आजारपणात ज्यांनी नाशपाती मागितली होती, त्यांचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"सुल्ले," ते म्हणाले.

"वंशावळीत लिहिलंय?"

"...आडनाव लिहितात. बायकांचं आडनाव लिहितात फक्त."

बाहेर छाटलेल्या फांद्या कुणीतरी ओढत नेत होतं, त्याचा आवाज येत राहिला. जेगुन पुढे झाला. "इन्सन, तू त्यांना हुकूम कर. आत्या आहेस तू त्यांची. ते मोडणार नाहीत."

आजोबांनी डोळे मिटले. मला कळलं, जेगुन बरोबर बोलतोय. मी नुसतं 'परवानगी द्या' म्हटलं असतं तर त्या माणसाने मान वाकवली असती, आणि नंतर उरलेलं आयुष्य माझ्यासमोर दाराशी बसून काढलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "मला हुकूम करायचा नाही. मागायचं आहे. आजोबा, मला जेगुन हवाय. त्याच्याशिवाय मला करमत नाही, आणि मला तुमची आत्या होऊन इथे बसायचं नाही."

मी त्या उबेच्या जागेवरून उठले. खोली ओलांडून दाराशी गेले, त्यांच्याही खाली. दोन्ही हात कपाळाशी जोडले आणि नातसून घरात आल्यावर करते तसा, सावकाश गुडघे टेकत, पूर्ण नमस्कार घातला.

वडीलधारी आत्या खाली वाकली तर पुतण्याने बसून राहायचं नसतं. त्याने झटकन उठायचं, तिला धरायचं, स्वतः तिच्याहून खाली वाकायचं. हे त्यांच्या हाडामासात होतं. मला जमिनीशिवाय काही दिसत नव्हतं, पण त्यांच्या गुडघ्यांचा आवाज मी ऐकला. ते उठू लागले होते. चटई सरकली. मी कपाळ तसंच ठेवून वाट पाहिली.

मग चटई पुन्हा वाजली. ते खाली बसले.

बसून राहिले. माझा नमस्कार संपेपर्यंत, म्हातारी पाठ ताठ करून, जागचे हलले नाहीत. मी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि ते माझ्याऐवजी भिंतीकडे बघत होते.

"एवढ्या लांबून आलीस," ते म्हणाले. "जेवलीस का गं?"